दोन डीबी कुठे सांडले?

पाचवी डिशही नापास झाली तेव्हा सकाळचे साडेदहा वाजले होते. मी मीटरकडे पाहिलं, वायरी काढून पुन्हा लावल्या आणि पुन्हा मीटरकडे पाहिलं. आकडा तोच. आधीच्या चार डिशइतकाच वाईट.

"किती?" राघवन सरांनी गच्चीच्या जिन्यातूनच विचारलं.

"एक पॉइंट नऊ डीबी कमी."

"पाचही?"

"पाचही, सर. सगळ्या एका वळणाच्या निघाल्यात."

ते वर आले नाहीत. जिन्यातच एका पायरीवर बसले. राघवन सर बसलेले मी त्याआधी फारसे पाहिलेच नव्हते.

ही नव्वदच्या दशकाच्या सुरुवातीची गोष्ट. चेन्नईला तेव्हा सगळे मद्रासच म्हणत. शोळिंगनल्लूरला आज जिथं काचेच्या इमारती आणि कंपन्यांच्या बसगाड्या दिसतात, तिथं तेव्हा सुरूची बनं, दोन-चार विहिरी आणि आमची पत्र्याची शेड व तिच्याशेजारी गच्चीवालं छोटं ऑफिस होतं. स्टार्टअप हा शब्द कुणाच्या कानावर आलेला नव्हता. सरकारी प्रयोगशाळेतली पक्की नोकरी सोडून राघवन सरांनी ही कंपनी काढली होती, म्हणून त्यांचे नातेवाईक त्यांच्याशी जपून बोलत. आम्ही एकूण बारा माणसं. त्यात अँटेना इंजिनिअर मी एकटी, आणि तीही प्रोबेशनवर. नवऱ्याची बदली मद्रासजवळ आवडी गावातल्या डिफेन्स फॅक्टरीत झाली म्हणून सांगलीहून इथं आलेली. प्रोबेशन संपलं की टेस्ट सेक्शन माझ्या हातात द्यायचं सरांनी कबूल केलं होतं. त्या काळात बाईच्या हाताखाली टेस्ट सेक्शन म्हणजे अप्रूपच होतं.

डिश म्हणजे काय, हे मी माझ्या सासूबाईंना असं सांगितलं होतं. उपग्रहाकडून येणारा सिग्नल इतका क्षीण असतो की तो ओंजळीत गोळा करावा लागतो. डिश ही ती ओंजळ. तिच्यासमोर दांडीवर जो छोटा भोंगा असतो त्याला फीड म्हणतात. गोळा झालेलं सगळं त्या फीडच्या तोंडात पडलं पाहिजे. ओंजळीचा आकार बिघडला की सांडतं. किती गोळा झालं याचं माप म्हणजे गेन, आणि ते डीबीमध्ये मोजतात. दोन डीबी ऐकायला किरकोळ वाटतात, पण त्याचा अर्थ शंभरातले सदतीस वाटेतच सांडले. सासूबाई म्हणाल्या, "म्हणजे गळकं भांडं." मी म्हटलं, हो, तेच.

त्या वेळी मोठमोठ्या डिश बाहेरून यायच्या. आम्ही बनवत होतो ती जेमतेम सहा फुटांची, म्हणजे साध्या छपरावर मावणारी. डिश छोटी हवी तर सिग्नलची लहरही छोटी घ्यावी लागते, आणि आमची लहर होती दोन सेंटिमीटरची. अशा लहरीला अर्ध्या मिलिमीटरचा उंचवटासुद्धा खुपतो. असली डिश शेडमध्ये हातानं बनवायची म्हणजे निव्वळ वेडेपणा, असं आम्हाला बऱ्याच शहाण्यांनी तोंडावर सांगितलं होतं.

तरी एक गिऱ्हाईक मिळालं होतं. मुंबईची एक खत बनवणारी कंपनी. तिचे कारखाने अशा आडगावांत की टेलिफोन लागला तर पेढे वाटावेत. त्यांना कारखाने उपग्रहावरून जोडायचे होते. आधी नमुन्याच्या पाच डिश, त्या पास झाल्या तर बाकीच्या. त्यांचे इंजिनिअर मिस्टर पारेख नऊ दिवसांनी तपासणीला येणार होते. डिश पास झाल्या तर आम्ही कंपनी, नाही तर आम्ही बारा बेकार माणसं.

"नऊ दिवस आहेत," सर उठत म्हणाले. "फाइंड इट, मिसेस वैद्य."

मी शोधायला लागले. आमच्या धंद्यात शोधायची एक रीत आहे. जे चांगलं आहे ते एकेक करून बाजूला काढायचं, उरेल तो चोर. फीड बदलून पाहिलं. केबल बदलली. तीनशे मीटरवर सुरूच्या बनापलीकडे आमचा ट्रान्समीटर होता, तोही तपासला. मग गोदामातून आमची सगळ्यात पहिली डिश काढून लावली. ती पाच महिन्यांपूर्वी पास झालेली. आजही झकास पास झाली. म्हणजे मीटर, फीड, केबल सगळं निर्दोष. यात दोन दिवस गेले.

तिसऱ्या दिवशी फीड मागेपुढे सरकवून पाहिलं. ओंजळ सगळीकडून सारखीच खोल किंवा उथळ झाली असेल तर तोंड थोडं सरकवून भागतं. आमचं भागेना. म्हणजे ओंजळीचा आकारच कुठेतरी वाकडा होता. पहिली डिश आणि या पाच डिश यांत फरक एकच होता, साचा. पहिला साचा डिश काढताना तडकला होता. या पाच डिश दुसऱ्या साच्यावरच्या होत्या.

साचा कसा होतो ते सांगते, कारण सगळी गोष्ट त्यावरच आहे. जमिनीवर मधोमध एक खांब उभा करतात. त्या खांबाला एक फळी दारासारखी बिजागरीवर लावतात. फळीची खालची कड डिशच्या वळणाप्रमाणे कापलेली असते. खाली ओल्या प्लास्टरचा ढीग घालायचा आणि फळी गोल गोल फिरवायची. ती जास्तीचं प्लास्टर खरवडत जाते आणि शेवटी एक नितळ घुमट तयार होतो. त्या घुमटावर फायबरग्लासचे थर देतात, वाळले की उचलतात, झाली डिश. या फळीला आम्ही टेम्प्लेट म्हणतो. टेम्प्लेट बरोबर तर सगळं बरोबर. आडात नाही तर पोहऱ्यात कुठून येणार?

आमचा टेम्प्लेट सागवानाचा होता आणि तो सेतुरावांनी बनवला होता.

सेतुराव आमचे पॅटर्नमेकर. ओतकामासाठी लाकडाचे नमुने बनवणारा कारागीर तो पॅटर्नमेकर. जन्म तंजावरचा, सारी हयात रेल्वेच्या वर्कशॉपमध्ये गेलेली, वय सत्तरीला टेकलेलं. बायको गेल्यावर घरी बसवेना म्हणून आमच्याकडे आले होते. शेडमधली पोरं त्यांना तात्ता, म्हणजे आजोबा, म्हणत. मी काका म्हणत असे. ते मला अम्मा म्हणत, तिकडे लेकीसुनांनाही म्हणतात तसं. त्यांचं मराठी तंजावरचं. शब्द कुठल्यातरी जुन्या कागदात सापडावेत असे आणि हेल पक्का तमिळ. शेडमध्ये मराठी बोलणारी आम्ही दोघंच, त्यामुळे दिवसातून एकदा तरी ते माझ्या टेबलाशी येऊन "जेवलीस का अम्मा?" विचारून जात. सकाळी आठ वाजताही हेच विचारत. आधी मला हसू यायचं. नंतर नंतर, एखाद्या दिवशी ते आले नाहीत तर चुकल्यासारखं व्हायला लागलं.

चौथ्या दिवशी मी टेम्प्लेट काढून ड्रॉइंगशी पडताळून पाहिला. बिनचूक. मला बरंच वाटलं. मग तोच टेम्प्लेट साच्यावर ठेवला. मधे बरोबर बसला. बाहेरच्या काठाशी खाली फट. फटीत मी पट्ट्या सरकवून पाहिल्या. दीड मिलिमीटर.

मी साच्याशेजारी उकिडवी बसून राहिले. या टेम्प्लेटनं हाच साचा खरवडला होता, मग तो त्यावर बसत का नव्हता? एकच उत्तर होतं. साचा केला त्या दिवशी टेम्प्लेट असा नव्हता. त्या दिवशी तो फुगलेला होता आणि नंतर वाळून पुन्हा जाग्यावर आला होता. टेम्प्लेट ठेवायचा आम्ही रेझिनच्या, म्हणजे फायबरग्लासच्या चिकट रसायनाच्या, खोलीत, आणि तिथं हवा कोरडी राहावी म्हणून रात्रंदिवस दिवे लावलेले असत.

आणि मग मला आठवलं. काखेत कळसा आणि गावाला वळसा म्हणतात ते माझंच झालं होतं. चार दिवस मी सगळं जग तपासत होते.

तमिळनाडूत नवरात्रातल्या नवमीला आयुधपूजा असते. हत्यारं, यंत्रं, रिक्षा, टाइपरायटर, सगळ्याला चंदन-कुंकू लागतं. सेतुराव मात्र तिला खंडेनवमी म्हणायचे. त्यांच्या घरात तीनशे वर्षं तेच नाव चालत आलं होतं, आणि सांगलीत आम्हीही खंडेनवमीच म्हणतो. माझ्या वडिलांचं लेथचं छोटं वर्कशॉप होतं. खंडेनवमी हा आमच्या घरचा मोठा सण, दिवाळीपेक्षाही. वडील त्याच वर्षी मे महिन्यात गेले. मी गेले ती दहाव्याला पोचले. नवी नोकरी, रजा नाही, म्हणून चार दिवसांत परत आले. इथं आल्यावर रडायलाही कुणी ओळखीचं नव्हतं.

नवमीला सकाळी सेतुराव शेडच्या मागच्या अंगणात हत्यारं मांडून बसले होते. रंधे, पटाशा, करवती. एकेक उचलून कोरड्या फडक्यानं पुसत होते. मी पदर खोचला आणि त्यांच्यासमोर बसले.

"काका, मी करू का?"

"कर की अम्मा. खंडेनवमीला लेकीचा हात लागला तर हत्यारं खूश होतात."

तिथं रिठ्याच्या पाण्याचा टब होता, लोखंडी सामान धुवायला. मी टेम्प्लेट उचलला आणि चोळून चोळून धुतला. वडिलांचं सगळं सामान लोखंडी, ते आम्ही घासून, धुऊन, रॉकेलचा हात फिरवून लख्ख करत असू. लाकडाशी कसं वागायचं हे शिकायची वेळच कधी आली नव्हती. त्यातून टेम्प्लेटच्या खालच्या कडेला व्हार्निश नव्हतं, कारण व्हार्निशच्या थरानंही वळण बदलतं. ती उघडी कड टबात बुडवून फळी मी भिंतीला टेकवून ठेवली आणि पुढचं सामान घेतलं. आणि बोलायला लागले. वडील लेथला हार कसा घालायचे, पेढा आधी यंत्राला आणि मग आम्हाला कसा द्यायचे, गेल्या खंडेनवमीला मला फोनवर काय म्हणाले. बोलता बोलता रडले. सेतुराव ऐकत राहिले. तास तरी गेला असेल.

दुसऱ्या दिवशी विजयादशमी. राघवन सर म्हणाले, नवा साचा आजच्याच मुहूर्तावर करायचा. केला.

आता हे झालं आठवणीचं. इंजिनिअरला पुरावा लागतो. त्याच सागवानाचा उरलेला एक तुकडा मी शोधला, व्हर्नियरनं मोजला आणि घरी जाताना बादलीत टाकून ठेवला. सकाळी मोजायचा होता.

शुक्रवारी सकाळी मी पोचले तेव्हा बादलीपाशी सेतुराव उभे होते. तुकडा त्यांच्या हातात होता. ते अंगठ्यानं त्याची कड चाचपून पाहत होते. त्यांना व्हर्नियरची गरज नव्हती. त्यांनी माझ्याकडे पाहिलं, तुकडा हळूच परत पाण्यात सोडला आणि धोतराला हात पुसत राघवन सरांच्या केबिनकडे निघाले. मी मागून गेले.

"सार," ते दारातूनच तमिळमध्ये म्हणाले, "टेम्प्लेट पाण्यानं फुगला. नवमीला मी धुतला."

"तुम्ही?" सर उठून उभे राहिले. "तुम्ही पॅटर्नमेकर! चाळीस वर्षं लाकडात काढली तुम्ही!"

"चुकलं."

"आणखी कोण होतं?"

"कोणी नाही. मी एकटा."

मी दारात उभी होते. दोन पावलं पुढं जाऊन एक वाक्य बोलायचं होतं. मला प्रोबेशन आठवलं, टेस्ट सेक्शन आठवलं. आणि खोटं कशाला सांगू, मला हायसं वाटलं. ती दोन पावलं मी टाकली नाहीत.

सेतुराव गेल्यावर सर मला म्हणाले, "वय झालंय त्यांचं. माझीच चूक, इतक्या म्हाताऱ्या माणसाला ठेवायला नको होतं. सोमवारपासून घरी आराम करायला सांगा. तुम्ही मराठीत सांगा, त्यांना बरं वाटेल."

मी "येस सर" म्हणाले. तो दिवसभर सेतुराव माझ्या टेबलाशी आले नाहीत. संध्याकाळी आपल्या पटाशा कापडात गुंडाळून पिशवीत भरत होते. मी काही न सांगताच त्यांना कळलं होतं.

शनिवारी ते आलेच नाहीत. आम्हाला अर्धा दिवस. सुट्टी झाल्यावर मी बस पकडून ट्रिप्लिकेनला त्यांच्या घरी गेले. पत्ता विचारत विचारत एका अरुंद बोळात दुसऱ्या मजल्यावर पोचले. सून दार उघडून कॉफी करायला गेली. सेतुराव खिडकीशी खुर्चीत बसले होते. रिकाम्या हातांनी बसलेले ते फार लहान दिसत होते.

"ये अम्मा. जेवलीस का?"

मग मात्र माझा बांध फुटला. "काका, तुम्ही खोटं का बोललात? फळी मी धुतली. मी टबात ठेवली. तुम्ही तर कोरड्या फडक्यानं पुसत होतात."

"हळू बोल. सून ऐकेल, घाबरेल." त्यांनी आतल्या दाराकडे पाहिलं. "तू ल्हान आहेस. पुढं जायचं आहे तुला. मला सत्तरी झाली. घरांत बसलों तर काय बिघडलं?"

"तुम्हाला घरी बसवत नाही, तुम्हीच सांगता!"

"बसवत नाही, हे खरं." ते खिडकीबाहेर बघायला लागले. "पण मी अस्कीच खोटं, सगळंच खोटं नाही बोललों, अम्मा. चुकलं तें माझंही चुकलं. फळी पाण्यांत उभी आहे, हें मी बघितलं होतं."

"बघितलं होतंत?"

"दोन हातांवर होती. लाकूड पाणी पितं तें मला दिसतं की. उठून काढावी म्हटलं. पण तू बापाची गोष्ट सांगत होतीस. इतक्या महिन्यांत पहिल्यांदा रडलीस. मी उठलों असतों तर तुझं बोलणं तुटलं असतं. मग तू परत बोलली नसतीस." त्यांनी खांदे उडवले. "म्हटलं, राहूं दे. उन्हांत वाळवीन. ऊन पडलंच नाही. दुसऱ्या दिवशी हात लावून बघितलं, वाळल्यासारखी लागली. मुहूर्त मोडायला जीभ उचलली नाही."

आयुष्यात माझं बोलणं तुटू नये म्हणून कुणी एवढं मोठं नुकसान होऊ दिलेलं नव्हतं. सून कॉफी घेऊन आली, मला रडताना पाहून तशीच आत गेली. सेतुराव उठले आणि माझ्या डोक्यावर हात ठेवून उभे राहिले. त्यांचा तळवा रंध्यासारखा खरखरीत होता.

तिथून मी थेट मैलापूरला राघवन सरांच्या घरी गेले. ते वेष्टी, म्हणजे तिकडचं धोतर, नेसून झोपाळ्यावर बसले होते, मांडीवर पारेखांची फाइल. मी उभ्या उभ्याच सगळं सांगितलं. टब सांगितला, वडील सांगितले, शुक्रवारी दारात गप्प राहिले तेही सांगितलं. शेवटी म्हणाले, "घरी बसवायचं तर मला बसवा, सर. प्रोबेशनवर मी आहे, ते नाहीत."

सरांनी पायानं झोपाळा थांबवला. फाइल मिटून बाजूला ठेवली. मला वाटलं, संपलं आपलं.

"मिसेस वैद्य, त्या दिवशी पूजा कुणी केली?"

"तुम्ही, सर."

"टेम्प्लेटला कुंकू कुणी लावलं?"

"तुम्हीच."

"ते ओघळलं." त्यांनी आपल्या बोटाकडे पाहिलं. "फळी इतकी ओली होती की कुंकू ओघळून कडेपर्यंत आलं. मी रुमालानं पुसलं आणि पुढच्या यंत्राला लावायला गेलो. आणि दुसऱ्या दिवशी त्याच फळीनं साचा करायचा हट्टही मीच धरला. पीएच.डी. आहे माझी! काल सेतुराव माझ्यासमोर उभे होते तेव्हा मला हे आठवत होतं. तरी मी त्यांनाच विचारलं, आणखी कोण होतं म्हणून."

मी खाली बसले. आता बसायला हरकत नव्हती.

"म्हणजे," सर म्हणाले, "आपल्यात शुक्रवारी खरं बोलायला गेला तो एकच माणूस, आणि त्यालाही अर्धं खोटं बोलावं लागलं. चला, गाडी काढतो. कुठं राहतात ते?"

रविवारी आम्ही तिघं शेडमध्ये होतो. टेम्प्लेट वाळून बरोबर झाला होता, तोच वापरावा असं मी सुचवलं. सेतुरावांनी मान हलवली. "एकदां प्यालेलं लाकूड पुन्हा पिणार," ते म्हणाले. मग ॲल्युमिनियमचा जाड पत्रा आणला. वळण मी आखलं आणि कानस त्यांनी धरली. धातूवर काम करायची त्यांना सवय नव्हती, पण हात तोच होता. मी दर बोटभर अंतरावर मोजत होते. एखाद्या ठिकाणी केसाएवढं जास्त भरलं की मी सांगायची, ते दोनदा कानस फिरवायचे, पुन्हा मोजायचं. तीन दिवस आम्ही हेच केलं. नवा साचा झाला, पण तो पुरता वाळून त्यावर डिश निघेपर्यंत पारेख येणार हे उघड होतं.

पारेख ठरल्या दिवशी आलेच. सर त्यांना एग्मोरच्या हॉटेलातून घेऊन आले. आम्ही त्यांना नापास डिश दाखवल्या, दोन्ही टेम्प्लेट दाखवले, आणि रिपोर्ट पुढं ठेवला. बिघाडाचं कारण या रकान्यात सर "साहित्यातील दोष" लिहितील अशी मला धास्ती होती. त्यांनी लिहिलं होतं, पूजेसाठी टेम्प्लेट पाण्यानं धुतला, तो ओला असतानाच साचा केला. खाली जबाबदार व्यक्ती या एवढ्याशा ओळीत तीन सह्या दाटीवाटीनं बसवल्या होत्या.

पारेखांनी चष्मा कपाळावर चढवला. "तीन कशाला? मला एक नाव पुरतं."

"एक निवडता आलं नाही," सर म्हणाले.

पारेख सेतुरावांकडे वळले. ते कोपऱ्यात कानस हातात घेऊन उभे होते. मग माझ्याकडे पाहिलं. माझे डोळे भरले होते, ते त्यांनी न पाहिल्यासारखं केलं. म्हणाले, "आजवर मला सगळ्यांनी रेझिन खराब होतं असंच सांगितलंय. फळीला आंघोळ घातली, हे पहिल्यांदा ऐकतोय. तीन आठवड्यांनी परत येतो. त्याहून एक दिवस जास्त नाही."

तीन आठवड्यांनी ते आले. गच्चीवर मी एकेक डिश लावली. पाचही पास झाल्या, आणि एक तर पहिल्या डिशपेक्षाही थोडी सरस निघाली. सेतुरावांना मीटरमधलं काही कळत नसे. ते आकड्याकडे न बघता माझ्या तोंडाकडे बघत उभे होते. पाचवीला मी मान हलवली तेव्हा त्यांनी डोळे मिटले आणि ओठांतल्या ओठांत काहीतरी पुटपुटले. काय ते मी विचारलं नाही.

त्यानंतर सेतुराव आमच्याकडे आणखी चार वर्षं होते. टेस्ट सेक्शन मला मिळालं. माझ्या हाताखाली जी मुलं आली त्यांना मी पहिल्याच दिवशी दोन गोष्टी शिकवायची. मापाच्या हत्याराला पाणी लावायचं नाही, मग ते देवाचं का असेना. आणि काहीही बिघडलं की शोध स्वतःच्या टेबलापासून सुरू करायचा, वेळ वाचतो.

तिसरी गोष्ट कधी शिकवली नाही. चूक सापडायला मला चार दिवस लागले. आमच्या धंद्यात ते चालतं, त्याचं कुणी काही म्हणत नाही. पण सापडल्यावर ती माझी आहे एवढं म्हणायला आणखी दीड दिवस लागला. तीस वर्षांच्या नोकरीत मी जी जी मापं घेतली, त्यांत हाच आकडा सगळ्यात वाईट आहे.